सगळ्यांची गाणी, एकच यादी: ग्रुपसाठी प्लेलिस्ट कशी जुळवावी

शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, कोकणात दोन दिवस जायचं ठरलेलं, गाड्या ठरल्या, राहायचं ठरलं आणि मग कुणीतरी विचारतं, "गाण्यांचं कोण बघतंय?" त्यावर उत्साहाच्या भरात "मी बघतो" किंवा "मी बघते" असं लिहून मोकळे झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. ट्रिपच कशाला, कुणाचा पन्नासावा वाढदिवस असो किंवा परदेशातून आलेल्या मैत्रिणीसाठी जमलेली मंडळी असोत, पद्धत तीच.

सुरुवातीलाच एक खूणगाठ बांधा. निवड सगळ्यांची, क्रम एकाचा.

बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात. गाणी एकजण निवडतो आणि क्रम शफलवर सोडतो. नाहीतर मतदान घेतात. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये १२ पर्याय मावतात, त्यात १२ गाणी टाकून मोकळे. मतदानाने सगळ्यांना चालतील अशीच गाणी वर येतात, कुणाच्या जिवाभावाचं एकही येत नाही. त्या १२ गाण्यांसाठी ग्रुपची गरजच नव्हती, ती रिक्षातही लागतात. सामायिक यादीची खरी मजा एखादं अनोळखी गाणं सुरू झाल्यावर मागच्या सीटवरून येणाऱ्या "हे कुणाचं रे?" या प्रश्नात आहे. आकाशवाणीवर 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचून दाखवत, ते उगाच नव्हे. झुमरीतलैया हे आता झारखंडात असलेलं गाव देशभर माहीत झालं ते तिथून रेडिओला जाणाऱ्या फर्माइशींमुळेच. गाण्याला माणूस चिकटला की ते गाणं वेगळं ऐकू येतं.

पहिली पायरी: माणसं मोजा, मग मिनिटं

सिनेमातलं गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरा. जुनी भावगीतं त्याहून लहान, साधारण तीन-साडेतीन मिनिटांची, कारण ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं आणि गाणी त्याच मापाने बांधली जायची. नाट्यपद किंवा कव्वाली आली की हिशेब कोलमडतो, पण सरासरी चालून जाते.

दहा माणसं, प्रत्येकी चार गाणी, म्हणजे चाळीस गाणी आणि तीन तास. एवढं पुरे. पुण्याहून मालवणला जायला अख्खा दिवस जातो हे खरं, पण दिवसभराची यादी करू नका. लोकांना गप्पा मारायच्या असतात, झोपायचं असतं, भांडायचंही असतं. माणसं वीस असतील तर प्रत्येकी दोन गाणी घ्या, वेळ तोच राहील.

दुसरी पायरी: गाणी मागणं

सगळं काम इथेच बिघडतं किंवा जमतं. "आपापली आवडती गाणी पाठवा रे" असा निरोप टाकलात तर काय होईल ते लिहून ठेवा: एकजण अठरा लिंका टाकेल, चौघं अंगठा दाखवतील, एक "किशोरची कुठलीही" म्हणेल आणि बाकीचे गप्प. माणसाला नुसतं 'आवडतं' विचारलं की डोकं कोरं होतं. त्याऐवजी खण पाडून द्या. निरोप असा काहीतरी:

"मंडळी, ट्रिपसाठी गाणी गोळा करतोय. प्रत्येकाने चारच. १) दहावी-बारावीत डोक्यात बसलेलं एक. २) घरात आई, बाबा किंवा आजी लावायचे त्यातलं एक. ३) गेल्या वर्षभरात नवीन सापडलेलं एक. ४) गाडीत सगळ्यांनी ओरडून म्हणावं असं एक. भाषा कुठलीही. नुसतं नाव नको, लिंक पाठवा. ग्रुपवर टाकू नका, मला वेगळं पाठवा. रविवारी रात्रीपर्यंत. उशीर करणाऱ्याने वाटेतला चहा पाजायचा."

यातलं 'मला वेगळं पाठवा' हे सोडू नका. ग्रुपवर पहिल्या दोघांनी नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी टाकली की बाकीचे त्याच वाटेने जातात. ज्याला मनातून नाट्यपद पाठवायचं असतं तो, लोक हसतील म्हणून, ते गिळून टाकतो. वेगळं मागितलं की तोच माणूस नाट्यपद पाठवतो आणि वर दोन ओळी लिहितो की हे बाबा अंघोळीच्या वेळी म्हणायचे. त्या दोन ओळी जपून ठेवा, पुढे लागतील.

दुसरा खणही महत्त्वाचा. त्यातून तुमच्याकडे अभंग येतील, कोळीगीतं येतील, कुणाच्या घरी कन्नड किंवा कोंकणी बोलतात हे इतक्या वर्षांनी कळेल. आठवीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाच्या घरात काय वाजायचं हे आपल्याला माहीत नसतं.

मुदत उलटल्यावर ग्रुपवर आठवण करू नका, सरळ फोन करा. "तू टाक ना काहीही" म्हणणारा हमखास भेटतो. त्याच्या वतीने गाणं निवडू नका. शेवटचं गाणं स्वतःहून कधी लावलंस, कुठलं, एवढंच विचारा. तेच त्याचं.

आता नियम. पाच पाठवणाऱ्याला पाचही परत पाठवा, कापायचं काम त्याचं. एकच गाणं दोघांकडून आलं तर एकदाच घ्या, दोघांचीही नावं लावा आणि ज्याचं नंतर आलं त्याच्याकडून बदली मागा. आणि नकाराधिकार कुणालाच नाही, तुम्हालाही. अपवाद एकच: गाडीत लहान मुलं किंवा कुणाचे आईवडील असतील तर शिव्या असलेलं गाणं बाजूला ठेवा आणि ज्याचं आहे त्याला तसं सांगा. बाकी तुम्हाला एखादं गाणं भिकार वाटत असेल तर वाटो.

तिसरी पायरी: यादी कुठे करायची

माझं मत स्पष्ट आहे: मराठी ग्रुप असेल आणि मंडळी चाळिशीच्या पुढची असतील तर यूट्यूब. ते सगळ्यांच्या फोनवर असतं, वेगळं खातं काढावं लागत नाही आणि जुनं नाट्यसंगीत, कोळीगीतं, शाहिरी, गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असलं काही शोधायचं तर ते तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. एखाद्याच्या आजोबांचं घरगुती रेकॉर्डिंग यादीत हवं असेल तर ते साध्या चित्रासह 'अनलिस्टेड' म्हणून चढवता येतं. मग ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच ते दिसतं.

तरुण ग्रुप असेल तर स्पॉटिफाय सोयीचं. भारतात ते २०१९ साली आलं आणि कॉलेजच्या पोरांमध्ये आता तेच चालतं. तिथे प्लेलिस्टमध्ये इतरांना सहभागी करून घेण्याची लिंक पाठवता येते. ती आठवडाभरच चालते, नंतर नवी काढायची. कुठलं गाणं कुणी टाकलं हेही दिसतं. पण एक धोका आहे: सहभागी झालेला कुणीही कुणाचंही गाणं काढू शकतो आणि क्रमही हलवू शकतो. यूट्यूबवरही प्लेलिस्टच्या तीन टिंबांत सहयोगाची सोय आहे, तिथे दुसरा माणूस गाणं टाकू शकतो.

तिघं-चौघं असाल तर लिंक देऊन टाका, मजा येते. दहा जणांत ते जमत नाही. निम्म्यांना लॉगिन होत नाही आणि उरलेल्यांतला एक रात्री दोन वाजता नऊ गाणी टाकतो. म्हणून गाणी निरोपाने मागवा आणि प्लेलिस्ट एकाच्याच खात्यावर ठेवा.

स्पॉटिफायवर 'ब्लेंड' नावाची आयती सोयही आहे. दहा जणांपर्यंत एकत्र आलात की सगळ्यांच्या ऐकण्याच्या सवयींवरून यंत्रच यादी काढतं आणि रोज बदलतं. गंमत म्हणून करून बघा, पण आपल्या कामाचं नाही. तुम्ही काय ऐकता आणि तुम्हाला काय आवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरी दोन वर्षांचं मूल भरवताना फोन लावून दिला जातो, त्यांच्या ब्लेंडमध्ये काय येतं हे सांगायला नको.

चौथी पायरी: गाणं तेच आहे ना, हे बघणं

कंटाळवाणी पायरी आहे, पण टाळू नका. एकाच गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगशेजारी रीमिक्स असतो, 'लोफाय' म्हणजे संथ, मवाळ केलेलं रूप असतं, कुणा दुसऱ्याच गायकाने गायलेली आवृत्ती असते आणि रिॲलिटी शोमधलं गायनही असतं. नाव सगळ्यांचं एकच. ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं पाठवलंय त्याला पहिल्या आलापालाच कळतं की आवाज वेगळा आहे, आणि तो हिरमुसतो. म्हणून प्रत्येक गाण्याची पहिली वीस सेकंदं तरी ऐका, गायकाचं नाव आणि लांबी बघा. शंका आली तर ज्याचं गाणं त्याला विचारा.

शोधताना मुखड्याची ओळ देवनागरीत टाका, मग रोमनमध्ये टाका. रोमनमध्ये एकाच मराठी शब्दाची तीन-तीन स्पेलिंग लोक करतात. नाहीच सापडलं तर गायक आणि सिनेमा किंवा अल्बम असं शोधा. 'ज्यूकबॉक्स' म्हणून चढवलेली पन्नास मिनिटांची पट्टी यादीत टाकू नका, त्यात दहा गाणी सलग असतात आणि तुमचा सगळा क्रम झोपतो. परदेशातल्या मित्राला एखादं गाणं दिसत नसेल तर दोष त्याच्या फोनचा नाही. हक्क देशानुसार वेगळे असतात, त्यामुळे इथे लागणारं गाणं तिथे बंद असू शकतं. त्याच्यासाठी दुसरी लिंक शोधून वेगळी पाठवा.

पाचवी पायरी: क्रम

आता खरं काम. एक दुपार हाताशी ठेवा, हेडफोन लावा आणि एक तक्ता करा. कागदावर करा किंवा गूगल शीटमध्ये. गाणं, कुणाचं, लांबी, लय, सुरुवात कशी, शेवट कसा.

लय काढायला संगीत यावं लागत नाही. पंधरा सेकंद मांडीवर ठेका धरा, ठोके मोजा, चारने गुणा. सत्तर-ऐंशीच्या आसपास आलं तर संथ, शंभरच्या जवळपास मध्यम, एकशेवीसच्या पुढे नाचाचं. सोबत ठेकाही बघा. आपल्या सुगम आणि सिनेसंगीतातला फार मोठा भाग केरवा आणि दादरा या दोनांत बसतो. चार-चार असं मोजता आलं तर केरवा, आठ मात्रांचा. तीन-तीन असा झोका लागला तर दादरा, सहाचा. सलग चार दादरे लावले की कितीही चांगली गाणी असोत, गाडी पेंगायला लागते. दोन केरव्यांनंतर एक दादरा, असं मिसळत जा.

आता तीन तासांचे चार तुकडे पाडा, पाऊण-पाऊण तासाचे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू एवढीच असायची आणि दुकानदाराला यादी देऊन कॅसेट भरून घेणारी मंडळी त्या पंचेचाळीस मिनिटांत काय कुठे बसेल याचा बारीक विचार करत. ते माप अजूनही उत्तम आहे. दहा माणसांची एकेक गाणी म्हणजे बरोबर एक बाजू. म्हणून पहिल्या बाजूत प्रत्येकाचं एक गाणं लागलंच पाहिजे. पंगतीत पहिली वाढ सगळ्यांना झाल्याशिवाय दुसरी फिरत नाही, तसं. ज्याचं गाणं दोन तासांनी येतं तो तोवर स्वतःच्या फोनवर दुसरं काहीतरी बघत बसलेला असतो.

पहिलं गाणं कुठलं? सगळ्यांना येणारं, मध्यम लयीचं. सर्वांत दणकेबाज गाणं पहिल्यांदाच लावलंत तर पुढे चढायला जागा उरत नाही. गाडी पहाटे पाचला निघणार असेल तर अभंगाने किंवा भूपाळीने सुरुवात करायला काहीच हरकत नाही, रेडिओने आपल्या कानांना तीच सवय लावलेली आहे.

कुणालाच माहीत नसलेलं गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवा, आणि पहिल्या दोन बाजूंतच. 'कठीण आहे, शेवटी टाकू' म्हणून मागे ढकललेलं गाणं बहुतेक वेळा ऐकलंच जात नाही. दहा मिनिटांचं नाट्यपद किंवा कव्वाली चहाच्या थांब्यानंतर लगेच लावा, तेव्हा लोक ताजे असतात. जेवणानंतरच्या दोन तासांत संथ भावगीतं आणि गझला एकामागे एक लावू नका. पेंग सगळ्यांना येते, पण स्टिअरिंगवर एकजण असतो. आणि एकाच माणसाची दोन गाणी लागोपाठ नकोत.

आता सांधे. समजा, एक भावगीत बासरीच्या लांब सुरावर विरत जातंय आणि पुढे तुम्ही ढोलकीच्या थापेने उघडणारी लावणी ठेवलीय. गाणी दोन्ही सुरेख, पण भावगीताच्या शेवटाचा चुराडा होतो आणि लावणीची सुरुवात अंगावर येते. दोन्हींच्या मध्ये नुसत्या आवाजाने सुरू होणारं काहीतरी ठेवा. आधी वाद्यांशिवाय एक ओळ, मग हळूहळू ठेका, असं. एखादी ओवी, किंवा आलापाने उघडणारं लोकगीत. तिथून लावणी सहज उचलली जाते. उलटं मात्र नेहमी जमतं: धडाक्यात संपणाऱ्या गाण्यानंतर क्षणभर शांतता आणि मग तंबोरा, हे कानाला छान लागतं. तक्त्यात सुरुवात आणि शेवट लिहायला सांगितलं ते यासाठी. सगळी गाणी पूर्ण ऐकायची गरज नाही, प्रत्येक सांध्याला आधीच्याची शेवटची पंधरा आणि नंतरच्याची पहिली पंधरा सेकंदं ऐका. चाळीस गाण्यांचे एकोणचाळीस सांधे वीस मिनिटांत होतात.

क्रम ठरला की प्लेलिस्ट उघडा, गाणी ओढून जागेवर आणा, शफल बंद करा आणि सहयोगाची लिंक दिली असेल तर तीही बंद करा.

सहावी पायरी: आवाज

जुनी मोनो रेकॉर्डिंग हळू वाजतात, आजची गाणी कानठळ्या बसवतात. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाज समान करण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. साध्या पातळीवर ते सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं. हे आवाजाचं माप आहे, लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. यूट्यूबवर फरक जास्त जाणवतो, म्हणून जुनी गाणी दोन-दोनच्या जोडीने ठेवा. मग आवाजाचं बटण दर गाण्याला फिरवावं लागत नाही.

स्पॉटिफायवर एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड बारा सेकंदांपर्यंत नेता येतो. नेऊ नका. काळी एक या पट्टीतलं गाणं संपताना पांढरी चार या वेगळ्याच पट्टीतलं सुरू झालं की दोन्ही बेसूर वाटतात, आणि आपल्या गाण्यांच्या सुरुवातीचा म्युझिक पीस हे निम्मं गाणं असतं. दोन सेकंद ठेवा, नाहीतर शून्य.

सातवी पायरी: प्रत्यक्ष वाजवणं

घाटात रेंज जाते. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर यादी डाउनलोड करा. त्यासाठी यूट्यूब असो की स्पॉटिफाय, पैसे भरलेलं खातं लागतं, पण ग्रुपमधल्या एकाकडे असलं तरी पुरतं. त्याचाच फोन गाडीला जोडायचा. तो गाडी चालवणारा नसावा, आणि फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर असावा, नाहीतर गाण्याच्या ऐन भरात बँकेचा लोनवाला सगळ्या गाडीशी बोलतो. गाड्या दोन असतील तर प्रत्येक गाडीसाठी असा एकेक फोन तयार ठेवा.

जुन्या गाडीत पेनड्राइव्ह चालवायचा असेल आणि स्वतःच्या सीडींवरून केलेल्या एमपीथ्री फाइल्स असतील तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बरेचसे कार स्टिरिओ देवनागरी नावांच्या जागी चौकटी दाखवतात, म्हणून फाइलचं नाव रोमनमध्ये आणि सुरुवातीला ००१, ००२ असे आकडे. काही स्टिरिओ नावाप्रमाणे नाही तर कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. तिथे फाइल्स एकेक करून, क्रमाने कॉपी कराव्या लागतात. कटकट आहे, पण एकदाच.

घरात किंवा गाडीत आपल्याआपल्यात गाणी लावायला कुणी काही विचारत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांच्या परवान्याचं काय, हे हॉलवाल्याला बुकिंग करतानाच विचारून घ्या. आणि सगळ्यांच्या नाचाचा व्हिडिओ मूळ गाण्यासकट यूट्यूबवर चढवलात तर तो हक्कांच्या तपासणीत अडकू शकतो.

आठवी पायरी: नावं

मघाशी जपून ठेवायला सांगितलेल्या ओळी आता काढा. चाळीस गाण्यांची यादी करा: क्रमांक, गाणं, कुणाचं आणि त्यांनी लिहिलेलं एक वाक्य. आदल्या दिवशी ग्रुपवर टाकू नका. नाहीतर लोक आधीच सगळं वाचून, ऐकून मोकळे होतात. ट्रिपमध्ये यादी एकाच्या हातात द्या. प्रत्येक गाणं सुरू झालं की आधी बाकीच्यांनी ओळखायचं, कुणाचं ते. मग खरं नाव आणि ते वाक्य वाचायचं. हा खेळ पहिल्या बाजूपुरता जरूर खेळा, पुढे मंडळी आपोआप चालू ठेवतात.

परत आल्यावर प्लेलिस्टची लिंक आणि यादी दोन्ही ग्रुपवर टाका. यादी वेगळी ठेवणं आवश्यक आहे, कारण हक्क बदलले किंवा चढवणाऱ्याने व्हिडिओ काढला की गाणं प्लेलिस्टमधून गायब होतं, आणि यूट्यूबवर तर फार तर 'डिलीटेड व्हिडिओ' एवढंच दिसतं, कुठलं होतं हेही कळत नाही. शीट असेल तर दुसरी लिंक शोधून त्याच जागी बसवता येते.